जिंजरब्रेड लोफ कोरडा होतोय? गुळाच्या केकमधल्या या चुका टाळा

मागच्या डिसेंबरात मी ओळीने तीन लोफ, म्हणजे लांबट टिनमधले केक, केले आणि तिन्ही सारखेच निघाले, वरून काळपट, कडांना कडक, सुरी लावली की चुरा. जळगावला त्या दिवसांत सकाळी चांगलीच थंडी असते, चहासोबत सुंठ-गुळाचं काहीतरी हवंच वाटतं, म्हणून सोडूनही देववेना. चौथ्या वेळी सासूबाई ओट्यापाशी उभ्या होत्या, त्या अमळनेरकडच्या, घरात अजून अहिराणीच बोलतात. मी ओटीजी, म्हणजे घरचा छोटा ओव्हन, १८० वर लावला तेव्हा एवढंच म्हणाल्या, "गूय शे तो, साखर नही, लवकर जयस." म्हणजे गूळ आहे तो, साखर नाही, लवकर जळतो. मी इतके दिवस साखरेच्या केकचेच नियम याला लावत होते, आणि पहिली चूक तीच.

गुळाचं पीठ मुळातच तपकिरी असतं, त्यामुळे रंग बघून भाजलं की कच्चं हे कळतच नाही. आपण "अजून पाच मिनिटं राहू दे" करत बसतो आणि तोवर कडा वाळून जातात. १६० डिग्री पुरे. आठ बाय चार इंचाच्या टिनला ५० ते ६० मिनिटं लागतात, पण ४५ व्या मिनिटाला मधोमध टूथपिक घालून बघा, ओलं पीठ लागायला नको पण दोन-चार ओलसर कण चिकटले तर बंद करायची हीच वेळ. अगदी कोरडी काडी निघेपर्यंत थांबलात तर उशीर झालाच समजा. वरची कॉइल चालू असेल तर ३० मिनिटांनी वरून फॉइल नुसतं ठेवा, दाबू नका.

माझं प्रमाण सांगते म्हणजे पुढचं नीट कळेल. मैदा २०० ग्रॅम, किसलेला गूळ १३० ग्रॅम, काकवी १०० ग्रॅम, तेल ९० मिली, दही १२० ग्रॅम, गरम पाणी १०० मिली, खायचा सोडा एक सपाट छोटा चमचा, सुंठ दोन छोटे चमचे, दालचिनी एक, लवंग आणि जायफळ पाव-पाव, मीठ अर्धा. अंडं नाही, आमच्याकडे चालत नाही, आणि दही असल्यावर त्याची उणीव भासत नाही.

मैदा वाटीने मोजत असाल तर तिथेच गडबड होते. वाटी डब्यात खुपसून भरली की मैदा दाबून बसतो, मेजरिंग कपात जिथे १२० ग्रॅम मावायला हवा तिथे १५० सहज जातो, म्हणजे २०० च्या जागी २५० पडला आणि ओलावा गेला. साधा किचन काटा घ्या, खरंच घ्या, दोन-तीनशेत येतो. सगळी कणीक वापरली तरी तेच होतं, कारण तिला पाणी जास्त लागतं. पौष्टिक हवं असेल तर ५० ग्रॅम कणीक घाला आणि पाणी दोन चमचे वाढवा.

आता गूळ. पिवळाधमक दिसतो तो नको, काळसर घ्या, चव त्यातच असते. काकवी टाळून नुसत्या गुळावर काम भागवणारे खूप आहेत, होतो तसाही केक, पण तो चिकट ओलावा येत नाही. पावसाळ्यात डब्यातला गूळ कसा पाझरतो आणि बोटाला चिकटतो ते आठवा, हवेतलं पाणी धरून ठेवायचा त्याचा जो गुण आहे तोच केकला मऊ ठेवतो आणि काकवीत तो आणखी जास्त. परदेशात यात मोलॅसिस घालतात, आपल्याकडे त्याला सगळ्यात जवळची काकवीच. गूळ गरम पाण्यात विरघळवून गाळून घ्या, उसाच्या चोयट्या आणि कचकच त्यातच निघते. आणि पाक कोमट होऊ द्या. कढत पाकात सोडा पडला की पातेल्यातच फसफसून संपतो, मग टिनमध्ये फुगायला काही उरतच नाही.

सोड्याचं आणखी एक. त्याला आंबट लागतं, गुळाचा आंबटपणा दर वेळी सारखा नसतो, म्हणून दही वगळू नका. फुगला नाही म्हणून पुढच्या वेळी दीड चमचा सोडा घातला की केक भसकन वर येतो आणि मध्ये खड्डा पडतो, चवही साबणासारखी लागते. मैद्यासोबत दोनदा चाळा. पीठ कालवलं की लगेच ओव्हनमध्ये गेलं पाहिजे, म्हणून प्रीहीट आधी. फोन वाजला तरी वाजू दे. कालवणंही बेताचंच, कोरडा मैदा दिसेनासा झाला की चमचा बाजूला ठेवा, फेटत राहिलात तर रबरासारखा होतो आणि आत बोगदे पडतात.

लाईट गेली तर? पहिल्या २० मिनिटांत गेली तर मध्ये बसणारच, त्याला इलाज नाही. अर्धा तास झाला असेल तर दार अजिबात उघडू नका, आतल्या गरमीत पुष्कळ भाजला जातो, लाईट आली की उरलेला वेळ द्या. संध्याकाळी व्होल्टेज कमी असलं की ओव्हन तापतच नाही, त्यामुळे मी हा केक दुपारीच लावते.

सुंठेच्या जागी नुसतं ताजं आलं किसून घालू नका. आलं वाळताना त्यातल्या जिंजरॉल या तिखट घटकाचा काही भाग बदलून शोगॉल होतो, तो जास्त तिखट, आणि या केकचा घशाशी उतरणारा झणका तिथूनच येतो. बाजारची पूड वर्षभर पडलेली असेल तर नुसता भुसा, त्यापेक्षा अख्खी सुंठ घरी कुटा. ताजं आलं एखादा चमचा वरून घाला, छान लागतं. केळं मात्र नको. आपण जळगावचे, २०१६ ला आपल्या केळ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, सगळ्यात घालावंसं वाटतं, मला कळतं, पण यात ते सुंठेला दाबतं आणि पोत लिबलिबीत करतं. त्याचा वेगळा केक करा.

आणि जी चूक जवळपास सगळेच करतात ती ओव्हन बंद झाल्यावरची. लोफ टिनमधून काढायचा आणि फॅनखाली ठेवायचा. आपली कोरडी हवा, त्यात फॅन, तासाभरात कडा वाळतात. टिनमध्ये १५ मिनिटं राहू द्या, मग जाळीवर, फॅन बंद. कोमट असतानाच बटर पेपरमध्ये गुंडाळून वर स्वच्छ सुती कापड आणि डब्यात. पूर्ण गरम गुंडाळला तर पाणी सुटून वरचा थर गिच्च होतो. फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथे तो लवकर शिळा लागतो. मे महिन्यात ४४-४५ डिग्रीत बाहेर टिकणार नाही तेव्हा फ्रिजच, पण खाताना तव्यावर झाकण ठेवून स्लाइस गरम करा.

तरीही कोरडा झालाच तर टाकू नका. दोन चमचे गूळ चार चमचे पाण्यात उकळा, आल्याचे दोन काप टाका, लोफला वरून काडीने भोकं पाडून गरमच लावा आणि रात्रभर गुंडाळून ठेवा.

रात्रभर थांबणं चांगल्या झालेल्या लोफलाही लागतंच. इंग्लंडात यॉर्कशायरकडे पार्किन म्हणून ओट्सचा सुंठेचा केक करतात, तोही करून काही दिवस ठेवून मगच खातात. पहिल्या दिवशी आपला लोफ नुसता गुळाचा केक असतो, मसाला वेगवेगळा लागतो. आमच्याकडे आता शुक्रवारी दुपारी होतो आणि रविवारी कापतो, तोवर वरचा पापुद्रा चकचकीत होऊन बोटाला चिकटतो आणि सासूबाई कडेचा तुकडा आधी उचलतात.