बॅरलमधून टोल्यूइन काढताना: बिडीचं सोडा, बादलीचं बघा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरींच्या प्लास्टिक पिशव्या छापण्यात माझी अठरा वर्षे गेली. शाई पातळ करायला, रोलर पुसायला टोल्यूइन लागतं. आमच्याकडे सगळे त्याला सरसकट थिनर म्हणतात. थिनरबद्दल कुणालाही विचारा, पहिला सल्ला ठरलेला: "तिथे बिडी ओढू नका." अहो, घराघरांत बिड्या वळणाऱ्या गावात एवढं तर शेंबड्या पोरालाही कळतं. माझा हात भाजला तेव्हा आसपास ना बिडी होती ना काडेपेटी. होती ती एक लोखंडी बादली.

बॅरलमधून बादलीत किंवा कॅनमध्ये थिनर काढणं, एवढ्याच कामाबद्दल लिहितो. बाकीचं बहुतेकांना येतं.

आधी चार आकडे

टोल्यूइनचा फ्लॅश पॉइंट सुमारे ४ अंश सेल्सिअस. त्याच्या वरच्या कुठल्याही तापमानाला त्याची वाफ ठिणगीची वाटच बघत असते. सोलापुरात थंडीच्या पहाटेही पारा तिथवर उतरत नाही, म्हणजे उघडं भांडं बारा महिने तेरा त्रिकाळ पेटायला तयार. हवेत सव्वा टक्क्यापासून सात टक्क्यांपर्यंत वाफ मिसळली की ते मिश्रण पेटतं. हिशेब करून पाहा: दहा बाय दहाची, दहा फूट उंच खोली असेल तर सांडलेलं दीड लिटर थिनर पूर्ण उडालं की अख्खी खोली त्या हद्दीत येते. आणि वाफ हवेपेक्षा तिपटीहून जड, त्यामुळे ती खोलीभर सारखी पसरत नाही. जमिनीलगत सरकते, उंबऱ्याखालून बाहेर पडते, गटारात उतरते. म्हणून दीड लिटरचीही गरज नाही.

"आम्ही टोल्यूइन वापरतच नाही, एमटीओ (मिनरल टर्पेंटाइन) वापरतो" म्हणणारे भेटतात. एमटीओचा फ्लॅश पॉइंट साधारण ३० ते ४० अंशांच्या आसपास. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ४२ अंश असतात. तेव्हा तुम्हीही आमच्याच पंगतीत.

परवान्याचंही बघून घ्या. पेट्रोलियम कायदा, १९३४ प्रमाणे २३ अंशांखाली फ्लॅश पॉइंट असलेला माल 'क्लास ए'त मोडतो, आणि विक्रीसाठी नसला तरी ३० लिटरच्या वर ठेवायला परवाना लागतो. एक बॅरल २०० लिटरचं असतं.

जागा

सावली, आरपार वारा, जमिनीलगत जाळी. खोलीत साधा स्विच, कूलर, साधा एक्झॉस्ट फॅन काही नको. दिवा-पंखा लावायचाच असेल तर फ्लेमप्रूफ, म्हणजे आतली ठिणगी बाहेरची वाफ पेटवू न देणारा. वीज गेलेली असताना "आता काय भीती" म्हणून बॅरल उघडू नका. ती परत येते तेव्हाच शेजारच्या खोलीतली मोटार आणि कूलर एकदम सुरू होतात. आणि सिद्धरामेश्वरांचा फोटो व उदबत्ती ऑफिसात न्या. आमच्याकडे ती वर्षानुवर्षं बॅरलच्या डोक्यावरच्या फळीवर होती. देवाच्याच कृपेने, दुसरं काय.

ओतणं: इथंच घात होतो

आता मुद्द्याचं. टोल्यूइन वीज जवळजवळ वाहून नेत नाही. असा द्रव नळीतून, नरसाळ्यातून, कापडातून वाहताना घासला जातो आणि विजेचा भार घेऊन भांड्यात पडतो. पाण्यात असा भार लगेच विरतो. टोल्यूइनमध्ये तो साठून राहतो आणि भांड्याकडे जातो. भांडं जमिनीला जोडलेलं असेल तर भार निघून जातो. नसेल तर भांडं गुपचूप भारलेलं राहतं, कुणीतरी हात लावेपर्यंत.

तो कुणीतरी मी होतो. एप्रिलची दुपार, हवा इतकी कोरडी की प्लास्टिकच्या रोलजवळून गेलं तरी हातावरचे केस उभे राहायचे. बॅरल आडवं, त्याला तोटी. तोटीखाली लोखंडी बादली, आणि वाकायला नको म्हणून ती प्लास्टिकच्या क्रेटवर. शाईच्या खपल्या उतरू नयेत म्हणून तोटीला नायलॉनचं कापड बांधलेलं. बॅरलला अर्थिंगची तार होती, आणि त्याचा मला केवढा अभिमान! बादली पाऊण भरली, तोटी बंद केली आणि कडी धरायला हात पुढे केला. बोटाला टचकन लागलं. दारावर कधी कधी बसतो तेवढाच झटका. पुढच्या क्षणी बादलीच्या तोंडावर निळसर-पिवळी ज्योत होती आणि कोपरापर्यंतचे केस जळल्याचा वास. मी बादलीला लाथ मारणार होतो. आमच्या बारलिंगमामांनी, साच्यावर काम करणारे जुने कामगार, मागून ओरडून थांबवलं: "मालक, लाथ नका घालू! झाकण टाका!" आणि स्वतःच पत्र्याचं झाकण सरकवलं. ज्योत विझली. लाथ बसली असती तर पेटलेलं थिनर खोलीभर झालं असतं.

नंतर बसून एकेक चूक मोजली. क्रेट प्लास्टिकचा, म्हणून बादली जमिनीपासून तुटलेली. नायलॉनच्या गाळणीमुळे भार कितीतरी वाढलेला. माझ्या पायात रबरी स्लीपर, म्हणजे मीही जमिनीपासून तुटलेला. आणि ज्या तारेचा अभिमान, तिची क्लिप बॅरलच्या रंगावर बसलेली. रंगावरच्या क्लिपला अर्थिंग म्हणणं म्हणजे कुलूप लावून किल्ली कुलपातच ठेवणं.

"एवढ्याशा ठिणगीने काय होतंय" असं म्हणणाऱ्यांसाठी: बोटाला जाणवेल अशी ठिणगी साधारण ३००० व्होल्टच्या पुढे असते आणि तिच्यातली ऊर्जा टोल्यूइनची वाफ पेटायला लागते त्याच्या दुपटीहून जास्त असू शकते. ज्या ठिणगीला आपण "करंट बसला" म्हणून हसतो, ती पुरेशी असते. न जाणवणारीही पुरते.

म्हणून क्रम असा, आणि त्यात हयगय नाही.

बुच उघडायच्या *आधी* तारा लावा. एक तार बॅरलपासून अर्थिंगच्या पट्टीला, दुसरी बॅरलपासून बादलीला. तांब्याची, न तुटणारी, वेटोळी होईल अशी तार. क्लिप टोकदार दातांची किंवा स्क्रूने आवळायची. जिथे लावायची तिथला रंग कानशीने खरवडून धातू चमकवा. काम झाल्यावर आधी तोटी आणि बुच बंद, मग बादलीवर झाकण, आणि तारा सगळ्यात शेवटी काढा. उलटं केलंत तर तार काढतानाच ठिणगी पडते, तीही उघड्या वाफेत.

महिन्यातून एकदा मल्टिमीटर लावा. स्थिर विजेला दहा लाख ओहमचा मार्गही चालून जातो, पण धातूला धातू जोडलेला असताना १० ओहमच्या वर आकडा आला तर क्लिप, तार किंवा जोड कुठेतरी बिघडला आहे. आणि अर्थिंगच्या खड्ड्याकडे बघा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पट्टीपासून सुटते. फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत आठवड्याला बादलीभर पाणी खड्ड्यात गेलंच पाहिजे. गावात पाणी रोज येत नाही हे मलाही ठाऊक आहे. धुण्याभांड्याचं टाका, पण टाका.

भांडं धातूचं. प्लास्टिकच्या कॅनला कितीही तारा बांधा, प्लास्टिकमधून भार वाहत नाही. नरसाळंही धातूचं, बादलीला टेकलेलं. नळी असेल तर तिचं टोक तळापर्यंत न्या. वरून धार सोडली की शिंतोडेही उडतात आणि भारही वाढतो. सुरुवातीला तोटी अर्धीच उघडा. घाई असेल तर दोन बादल्या भरा, पण जोराने भरू नका. गाळायचंच असेल तर शाई गाळा, थिनर नव्हे. थिनरमध्ये खपल्या येत असतील तर पुरवठादार बदला.

आणि तुम्ही स्वतः. सुती कपडे घाला. सोलापुरात राहून पॉलिस्टरचा शर्ट घालून थिनर काढणाऱ्याला काय म्हणावं. रबरी स्लीपर नको, स्थिर वीज जमिनीत सोडणारे कारखान्याचे बूट हवेत. बॅरलजवळ जाण्याआधी, दाराशीच अर्थ केलेल्या पट्टीला उघडा हात लावा. त्यासाठी आम्ही दारात पितळेची मूठ बसवून घेतली आहे. नवी पोरं तिला नमस्कार करून आत जातात. मी कुणाला अडवत नाही.

बुच

उन्हात आलेल्या बॅरलमध्ये दाब असतो. तारा लावल्यावर आधी पाऊण इंची लहान बुच हळूहळू सैल करा, फुसफुस थांबली की मग दोन इंची. पाना पितळी किंवा गनमेटलचा. छिन्नी-हातोडीने बुच सोडवणाऱ्याला मी कामावर ठेवत नाही.

तोंडाने नळी ओढणं बंद. पोटात गेलंच तर उलटी करवू नका. उलटीवाटे ते फुफ्फुसात उतरलं तर जास्त वाईट. सरळ दवाखाना.

वास आणि हातमोजे

वासावर विश्वास ठेवू नका, नाक थोड्या वेळात सरावतं. डोकं जड झालं, चक्कर आली तर बाहेर मोकळ्या हवेत या. कापडी मास्क वाफेला अडवत नाही. साधे रबरी मोजे फुगतात, नायट्राइलचेही थोडाच वेळ टिकतात. भिजले की बदला.

सांडलं तर, पेटलं तर

सांडलेल्यावर वाळू टाका, गटारात लोटू नका. पेटलं आणि ज्योत फक्त भांड्याच्या तोंडाशी असेल तर झाकण. त्याहून मोठं असेल तर ड्राय पावडर किंवा फोम. पाणी मारू नका, टोल्यूइन पाण्यावर तरंगत पेटतं आणि पाण्याबरोबर पसरतं. आग विझवायचा सिलिंडर बॅरलजवळ टांगू नका. दाराबाहेर हवा, म्हणजे आग लागल्यावर तो हाताशी येतो.

रिकामं बॅरल

भरलेल्यापेक्षा मला रिकाम्याची भीती वाटते. भरलेल्यात हवेला जागा नसते. रिकाम्यात तळाशी पेलाभर थिनर आणि वर पेटायला हवं तेवढंच मिश्रण. आणि आपल्या गावात पाणी साठवायला बॅरल कुणाला नको असतं? भंगारवाल्याकडून आणतात आणि वरचं झाकण कापायला गॅस कटर लावतात. तिथे बॅरल बॉम्बसारखं फुटतं. "पाण्याने धुतलं होतं की" हे उत्तर चालत नाही, टोल्यूइन पाण्यात विरघळत नाही. शिवाय धुतलेल्या बॅरलमध्येही पिण्याचं पाणी भरू नये.

आमच्याकडे रिकाम्या बॅरलची दोन्ही बुचं घट्ट आवळतात, वर लाल रंगाने 'कापू नये' लिहितात आणि ती बॅरल भरून देणाऱ्याकडेच परत पाठवतात. भंगारवाला नगाला जास्त पैसे देतो म्हणून मुनीम दर दिवाळीला माझ्याशी वाद घालतो.