कौल लावायच्या आधी काय करायचं (जे मी केलं नव्हतं)

मराठी विकिपीडियावर नवीन आलेल्या माणसाला साधारण दोन-तीन महिन्यांत एक झटका येतो. चार लेख लिहून झालेले असतात, शुद्धलेखनाच्या शंभरेक दुरुस्त्या झालेल्या असतात, आणि मग अचानक वाटायला लागतं की इथले नियमच धड नाहीयेत, आपणच काहीतरी केलं पाहिजे. मलाही वाटलं होतं. वाटणं चूक नाही, पण पुढे मी जे केलं ते तुम्ही करू नये म्हणून हे लिहितेय.

आधी थोडं बेसिक. विकिपीडियावर नियम वरून येत नाहीत, म्हणजे काही येतात, प्रताधिकाराचे वगैरे, ते सगळ्या भाषांना सारखेच, पण बाकीचं बरंचसं त्या त्या भाषेतले लिहिणारेच ठरवतात. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला, आणि अशा गोष्टी बोलायच्या जागेला तिथे चावडी म्हणतात, नाव अगदी चपखल आहे. कोणीतरी प्रस्ताव टाकतो, चर्चा होते, गरज पडली तर कौल लावतात, लोक पाठिंबा, विरोध किंवा तटस्थ लिहून खाली चार टिल्डा (~ हे चिन्ह चारदा) देऊन सही करतात. प्रचालकांकडे, म्हणजे जास्तीचे अधिकार दिलेल्या सदस्यांकडे, पान वगळायचं, सुरक्षित करायचं, उत्पात करणाऱ्याला ब्लॉक करायचं बटण असतं, पण नियम ठरवताना त्यांचंही मत एकच. नवीन लोकांना हे खरंच वाटत नाही, त्यांना वाटतं प्रचालक म्हणजे मालक, मग ते एकतर त्यांना मस्का लावतात नाहीतर त्यांच्याशी भांडतात.

आता माझी गोष्ट. एका तालुक्यातल्या गावांचे लेख लिहिणारा आमचा छोटा गट होता. 'अमुक हे तमुक तालुक्यातील एक गाव आहे' एवढ्या एका ओळीचे ढीगभर लेख बघून माझं डोकं फिरलं. म्हणून मी आमच्या गटासाठी प्रस्ताव लिहिला, जसाच्या तसा देते: 'एका ओळीचे सर्व लेख सात दिवसांनी वगळण्यात यावेत.' चर्चा वगैरे काही नाही, थेट कौल.

पहिलंच मत विरोधात आलं. एक जुने सदस्य, फार बोलत नाहीत, त्यांनी विचारलं, 'एक ओळ म्हणजे किती? खाली माहितीचौकट (ठळक माहितीचा तक्ता) आणि संदर्भ असेल तरी वगळायचा का? कोणी कालच सुरू केलेला लेख असेल तर?' तिन्ही प्रश्नांना माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि उत्तर नसलं की माणूस चिडतो तशी मी चिडले. त्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर कॉलेजच्या ग्रुपमध्ये लिंक टाकली, जरा पाठिंबा देऊन या रे. सकाळी आठ पाठिंबे. त्यातली पाच खाती त्याच रात्री उघडलेली, एकाही मताला कारण नाही, आणि एकाने तर लिहिलं होतं 'ताईंना पाठिंबा'. ताई म्हणजे मी, आता सांगायला काय लाजायचं. विकिपीडियावर प्रत्येक पानाचा इतिहास आणि प्रत्येक खात्याचं योगदान सगळ्यांना दिसतं, त्यामुळे दुपारपर्यंत ती मतं बाजूला काढली गेली आणि प्रस्ताव बंद झाला. कोणी ओरडलं नाही, तेच जास्त लागलं.

तेव्हा कळलं की कौल ही मतमोजणी नाहीच मुळात. कोकणात देवाला कौल लावताना आधी गाऱ्हाणं घालतात ना, नीट मांडून, काय अडलंय ते सांगून, तसंच आहे, फक्त इथे प्रसाद डावा की उजवा पडला हे बघायला गुरव नाही, कारणं वाचणारा एखादा त्रयस्थ सदस्य असतो. इंग्रजी विकिपीडियावर तर हे फार स्पष्ट आहे. तिथे चर्चेतून प्रचालक निवडताना ७५ टक्क्यांच्या वर पाठिंबा असेल तर सहसा होतं, ६५ च्या खाली सहसा होत नाही, आणि मधल्यांचं काय करायचं ते चर्चा वाचून ठरवतात. स्टुअर्ड, म्हणजे सगळ्या विकींवर वरच्या अधिकारांनी काम करणारे सदस्य, त्यांना निवडून यायला ८० टक्के लागतात.

मला सगळ्यात पटलेलं उदाहरण मात्र सार्वत्रिक आचारसंहितेचं, म्हणजे सगळ्या विकींवर कसं वागायचं त्याच्या नियमांचं. तिच्या अंमलबजावणीच्या नियमांवर २०२२ मध्ये जगभरातल्या विकिपीडियन लोकांनी मतदान केलं, साधारण ५८-५९ टक्के बाजूने. निम्म्याच्या वर आहे म्हणजे झालं की, असं आपण म्हटलं असतं. पण मतासोबत लोकांनी लिहिलेल्या शेऱ्यांमध्ये सक्तीचं प्रशिक्षण, खाजगीपणा अशा आक्षेपांचा ढीग होता, म्हणून मसुदा परत दुरुस्तीला गेला, २०२३ च्या सुरुवातीला पुन्हा मतदान झालं आणि पाठिंबा ७६ टक्क्यांवर गेला. म्हणजे विरोध करणाऱ्यांनीच नियम नीट करून दिला.

मी दुसऱ्यांदा गेले ते चार महिन्यांनी. या वेळी मसुदा आधी माझ्या धूळपाटीवर, म्हणजे कच्चं लिहायच्या पानावर, लिहिला आणि सरळ त्या विरोध करणाऱ्या काकांच्या चर्चा पानावर गेले, म्हटलं तुम्ही विचारलेल्या तीन प्रश्नांवर हे लिहिलंय, बघाल का. (काका मी मनात म्हणते, तिथे सदस्यनावानेच हाक मारतात.) त्यांनी दोन दिवसांत मसुद्याचा निम्मा भाग खोडला. 'वगळावेत' गेलं, 'विस्ताराचा साचा लावावा, तीस दिवस थांबावं, मग चर्चेसाठी यादीत टाकावं' असं आलं (साचा म्हणजे 'हा लेख वाढवा' सांगणारी तयार पाटी). संदर्भ असलेले लेख अपवाद. आणि शेवटी त्यांनीच घातलेली ओळ: तीन महिने करून बघू, मग पुन्हा ठरवू. ही ओळ सोन्याची आहे, कायमचा नियम म्हटलं की लोक बिचकतात, करून बघू म्हटलं की निम्मा विरोध तिथेच मावळतो.

काही बारीकसारीक गोष्टी. लोकांनी मत दिल्यावर प्रस्तावाचे शब्द गुपचूप बदलू नका. बदलायचेच असतील तर जुने शब्द खोडलेले दिसू द्या आणि ज्यांनी मत दिलंय त्यांना कळवा, नाहीतर त्यांनी एका गोष्टीला हो म्हटलेलं असतं आणि सही दुसरीखाली दिसते. प्रत्येक विरोधाखाली लगेच उत्तर लिहायला धावू नका, मी धावायचे, वाचणारे कंटाळतात. तटस्थ मत म्हणजे पळवाट नाही, कारण नीट दिलं तर ते कधीकधी पाठिंब्यापेक्षा उपयोगाचं ठरतं. आणि गणपतीच्या आठवड्यात, दिवाळीत कौल लावू नका, कोणी फिरकत नाही, मग घाईत उरकला असा शिक्का बसतो तो वेगळाच.

दुसऱ्या कौलाला मतं आली फक्त सहा. पाच पाठिंबा, एक तटस्थ. आपल्याकडे नियमित लिहिणारी माणसंच कमी, त्यामुळे सहा हा आकडा बघून हिरमुसायचं नाही, पण म्हणूनच एकाही आक्षेपावरून पुढे उडी मारून जाता येत नाही, सहातला एक फार मोठा असतो. तटस्थ राहिले ते काकाच. कारणात लिहिलं होतं, 'मसुदा ठीक आहे, पण एक ओळ म्हणजे किती हे अजून लिहिलेलं नाही.'

खरंच नव्हतं लिहिलं. त्यावर चर्चा आता सुरू आहे.