माकडांच्या मेंदूचा ऑनलाइन डेटा वापरताना या चुका टाळा

प्राइम-डीई हा खुला संग्रह 2018 मध्ये सुरू झाला आणि अनेक प्रयोगशाळांचे मकाक माकडांचे एमआरआय स्कॅन घरबसल्या मिळू लागले. नवखे लोक फाइल उतरवतात आणि उघडूनही न बघता थेट प्रोग्रॅमला देतात. तिथेच घात होतो.

सर्वांत महागात पडते ती हेडरवर, म्हणजे फाइलमध्येच असलेल्या स्कॅनच्या नोंदींवर, डोळे मिटून ठेवलेली भिस्त. माकडाला बऱ्याचदा पालथं, डोकं उचलून ‘स्फिंक्स’ स्थितीत स्कॅन करतात. मशीनमध्ये मात्र उताणा माणूस अशी नोंद असते. मग नाकाची दिशा डोक्याची वरची बाजू ठरते आणि डावं-उजवंही उलटू शकतं. पहिली गडबड चित्रात लगेच दिसते. दुसरी दिसत नाही, कारण मेंदूचे दोन्ही अर्धे जवळपास सारखे असतात. अशा फाइलींवर कुणी डाव्या-उजव्या अर्धगोलांची तुलना केली, तर आकडे नीटनेटके येतात आणि निष्कर्ष नेमका उलटा निघतो. म्हणून आधी डेटासोबतची टिपणं वाचा. एका बाजूला चिकटवलेली व्हिटॅमिन ईची कॅप्सूल स्कॅनमध्ये चमकते, ती शोधा. मगच एएफएनआय या मेंदूच्या स्कॅनवर काम करणाऱ्या सॉफ्टवेअरमधला, दिशा सुधारणारा डीस्फिंक्सिफाय हा प्रोग्रॅम चालवा. हे काम घाईत उरकू नये.

चित्रातून कवटी काढून फक्त मेंदू ठेवायला माणसासाठीचा बीईटी हा प्रोग्रॅम जसाच्या तसा लावू नका. मकाकचा मेंदू साधारण 100 मिलिलिटरच्या आतबाहेर आणि भोवती जबड्याचे जाड स्नायू. ते स्नायूही मेंदू म्हणून आत येतात. एएफएनआयमधला अ‍ॅनिमल वॉर्पर हा प्रोग्रॅम आणि 31 ऱ्हीसस (मकाकची एक प्रजाती) माकडांवरून बनवलेला एनएमटी साचा, म्हणजे सरासरी मेंदूचा प्रमाण नमुना, वापरा, आणि कडा स्वतः स्लाइस-स्लाइस तपासा.

एनएमटीच्या दुसऱ्या आवृत्तीत शून्यबिंदू कानांना जोडणाऱ्या रेषेवर आहे, काही साच्यांत तो अँटेरिअर कमिशरवर, म्हणजे मेंदूच्या दोन अर्धांना जोडणाऱ्या एका लहान पट्ट्यावर. फरक सुमारे 2 सेंटिमीटर. एकाचे निर्देशांक दुसऱ्यात टाकू नका.

मेंदूच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रांना ब्रॉडमन या शास्त्रज्ञाने दिलेले क्रमांकही फसवतात. त्याच्या माकडाच्या नकाशात क्षेत्र 7 पार्श्वखंडाच्या (पॅरायटल लोब) खालच्या भागात येतं, माणसात वरच्या भागात. माणसातल्या खालच्या भागाला 39 आणि 40 म्हणतात. नुसता ‘7’ लिहून तुलना मांडणं म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी एक मानणं.

वानरांवरचं जुनं साहित्य शोधताना सेम्नोपिथेकस या आजच्या शास्त्रीय नावासोबत प्रेसबायटिस एन्टेलस हे जुनं नावही टाका. आपल्याकडचं बॉनेट मकाक ऱ्हीससहून वेगळी प्रजाती आहे, त्यामुळे ऱ्हीससचा अ‍ॅटलास (मेंदूचा नकाशा) त्याला अंदाजापुरताच.

आणि परवाना प्रत्येक प्रयोगशाळेच्या डेटाचा वेगवेगळा असतो. उतरवण्याआधी वाचा.