हेल्प पेजेस गुगलवर येत नाहीत? निदान या चुका तरी टाळा

कोल्हापुरात आता बिलिंगची, फाउंड्रीची, दूध संस्थांची सॉफ्टवेअर बनवणारी पोरं बरीच आहेत. हेल्प पण लिहितात बिचारी, पण कस्टमर गुगल करतो, काही सापडत नाही, मग सपोर्टला फोन लावतो. आणि मला पहिला प्रश्न काय, तर "सर, एखादं एसईओ प्लगइन सांगा की." म्हणजे पेज सर्चमध्ये वर आणायचं रेडिमेड टूल. प्लगइन राहू दे भावा, आधी स्वतःचं पेज उघडून बघ.

सगळ्यात जास्त डोक्यात जाणारी चूक म्हणजे टायटल. मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानातला दिवाणजी गुगलवर "बिल प्रिंट होईना" असं टाकतो, आणि तुमच्या पेजचं नाव "आउटपुट डिव्हाइस कॉन्फिगरेशन". कसं जुळायचं? माझी सवय अशी की लिहायच्या आधी सपोर्टच्या पोरीशेजारी जाऊन बसायचं, फोनवर कस्टमर पहिलं वाक्य काय बोलतो ते वहीत उतरवायचं, तेच टायटल. पेज चालू झालं की सर्च कन्सोल या गुगलच्या टूलमध्ये लोक कुठले शब्द टाकून आले ते दिसतं, १६ महिन्यांपर्यंतचा डेटा असतो, फुकट असतो, तरी कोणी उघडत नाही.

एरर मेसेजचा नुसता स्क्रीनशॉट टाकू नका. मेसेज जसाच्या तसा, आकड्यासकट टाइप करा, कारण माणूस तोच सर्चमध्ये टाकतो.

आता रोबॉट्स डॉट टीएक्सटी, म्हणजे साइटवर गुगलनं कुठं जायचं नाही ते सांगणारी फाइल. इथं हमखास घोळ होतो. एका कंपनीनं नवं व्हर्जन काढलं आणि जुन्या व्हर्जनची हेल्प गुगलवरून घालवायची ठरवली. तिथल्या पोरानं जुन्या सगळ्या पेजेसना नोइंडेक्स टॅग ("हे पेज सर्चमध्ये दाखवू नका" ही खूण) लावला, इथपर्यंत बरोबर, पण वर "सेफ्टीला" म्हणून रोबॉट्स फाइलमध्ये तो अख्खा फोल्डर डिसअलाऊ केला. झालं. गुगलला आत जायलाच बंदी, मग नोइंडेक्स वाचणार कोण? बाहेरून लिंका होत्याच, त्यामुळं जुनी पेजेस खाली माहिती नसलेली, नुसत्या लिंका म्हणून सर्चमध्ये तशीच लोंबकळत राहिली. लोक क्लिक करायचे, जुना मेनू बघायचे आणि "तुम्ही सांगताय ते बटणच नाही इथं" म्हणून सपोर्टवर खेकसायचे. मी डिसअलाऊची ओळ काढायला सांगितली तर मालक म्हणतात, "अहो, लपवायचं सोडून उघडं काय करताय?" उघडं केल्यावरच गुगलनं येऊन टॅग वाचला आणि एकेक पेज गळत गेलं. काहीजण नोइंडेक्स थेट रोबॉट्स फाइलमध्येच लिहितात, ते गुगलनं १ सप्टेंबर २०१९ पासून बंद केलंय, तरी जुने लेख वाचून कॉपी-पेस्ट चालूच.

खरं तर त्याच विषयाचं नवं पेज असेल तर जुन्यावरून ३०१ रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावर आलेल्याला कायमचं नव्या पेजवर पाठवणं) द्यावा, विषय संपला. जुनं व्हर्जन अजून वापरात असेल तर पेज राहू दे, वरती नव्या पेजची ठळक लिंक टाक.

बाकी किरकोळ. अख्खी हेल्प एकाच पत्त्यावर ठेवून प्रत्येक विषय पत्त्यातल्या हॅशच्या (#) पुढं टाकू नका, गुगल हॅशच्या पुढचं सहसा वेगळं पेज धरत नाही. लॉगिनच्या आड ठेवलेली हेल्प सर्चमध्ये येणार नाही, तक्रार करू नका. कीवर्ड मेटा टॅग (पेजच्या कोडमधली शब्दांची लपलेली यादी) भरत बसू नका, गुगल तो बघत नाही हे त्यांनी २००९ मध्येच सांगितलंय.

आणि पेज टाकून तासाभरात "अजून आलं नाही" म्हणून मेसेज करणाऱ्यांनो, इंडेक्सिंगची रिक्वेस्ट, म्हणजे पेज सर्चमध्ये घ्या अशी गुगलला विनंती, सर्च कन्सोलमधून एकदा टाकली की पुरे. तेच बटण दहादा दाबून नंबर पुढं सरकत नाही, काही दिवस ते काही आठवडे लागतात. तोवर पुढचं पेज लिहायला घ्या.