लिलावातल्या घरांचं व्हॅल्युएशन करायचंय? लायसन्सचं आधी नीट बघा

होम लोनचे हप्ते थकलेली घरं बँका ताब्यात घ्यायलेत, पेपरात लिलावाच्या जाहिराती वाढायलेत, म्हणून लातूर-नांदेडकडची बरीच सिव्हिलवाली पोरं विचारायलेत की व्हॅल्युअर व्हायला काय लागतं. सगळे थेट आयबीबीआयचं (व्हॅल्युअरची नोंदणी करणारं केंद्राचं दिवाळखोरी बोर्ड) बघतात. ते करा, पण सरफेसीच्या (थकलेल्या कर्जाचं तारण बँकेला कोर्टात न जाता विकता येतं तो कायदा) लिलावाला तेवढ्यानं भागत नाही.

आयबीबीआयचे नियम २०१७ चे, आपला वर्ग लँड अँड बिल्डिंग. सिव्हिल, आर्किटेक्चर नाहीतर टाउन प्लॅनिंगची डिग्री आणि डिग्रीनंतर ५ वर्षं अनुभव, डिप्लोमावर जमत नाही. मग एखाद्या आरव्हीओचं (व्हॅल्युअरांची मान्यताप्राप्त संस्था) मेंबर व्हायचं, ५० तासांचा कोर्स, परीक्षा. पासिंग ६० टक्के, उत्तर चुकलं की त्या प्रश्नाचे पाव मार्क कट, आणि आपली पोरं आरसीसीत हुशार पण कायद्याच्या प्रश्नात मार खातात. पास झाल्यावर ३ वर्षांच्या आत नोंदणीचा फॉर्म ए भरायचा.

आता सरफेसीचं. घर विकायच्या आधी बँकेच्या अधिकाऱ्याला अप्रूव्हड व्हॅल्युअरकडून किंमत काढून घ्यावी लागते. सरफेसीच्या २००२ च्या नियमात हा अप्रूव्हड व्हॅल्युअर म्हणजे १९५७ च्या संपत्ती कर कायद्याच्या कलम ३४ एबीखाली नोंदलेला, वर त्या बँकेच्या बोर्डानं मान्य केलेला. संपत्ती कर २०१५ लाच बंद झाला, तरी व्याख्येत कलम तेच! ही नोंदणी इनकम टॅक्सकडं होते आणि साधारण १० वर्षांची प्रॅक्टिस बघतात. म्हणून ५-६ वर्षंवाल्यांनी आयबीबीआय करून ठेवावं आणि तोवर एखाद्या ३४ एबीवाल्या सिनियरच्या हाताखाली साइट फिरावं, सही त्यांचीच.

साइटवर खरी गंमत. संभाजीनगरात गुंठेवारीचं (मंजुरीशिवाय पाडलेल्या छोट्या प्लॉटवरचं) घर असलं तर नियमितीकरणाचं प्रमाणपत्र आधी मागा, नुसता बाँडपेपर दाखवतील. सातबाऱ्यावर पाच-सहा नावं, चतुःसीमा खरेदीखतात एक आणि जागेवर दुसरीच, हे नेहमीचं. इनामी जमीन असली तर जुना खासरा (जमिनीची जुनी महसुली नोंद) काढल्याशिवाय आकडा लिहू नका. एनए (बिगरशेती) झालेलंच नसेल तर ते पहिल्या पानावर लिहा, कारण शेतजमिनीला कलम ३१ नं सरफेसी लागत नाही आणि कर्जदाराला ४५ दिवसांत डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरण) जाता येतं, तिथं वकील तुमचाच रिपोर्ट आधी उघडतो. ताबा कागदावरच असला की घरवाले गेट उघडत नाहीत, अशा वेळी भांडत बसू नका, बाहेरून मापं घ्या, लोकेशनसकट फोटो काढा आणि ‘आतून पाहणी झाली नाही’ असं स्पष्ट लिहा. आतल्या फरशीचा अंदाज मारू नका.

मार्केट व्हॅल्यू, रिअलायझेबल (प्रत्यक्षात हाती येईल ती) आणि डिस्ट्रेस (घाईत विकलं तर येईल ती) असे तीन आकडे मागतात, प्रत्येकाचं कारण लिहा. रिझर्व्ह प्राइस (लिलावातली किमान किंमत) मात्र तुम्ही ठरवत नाही, ती विक्री बघणारा बँकेचा अधिकारी बँकेशी बोलून ठरवतो. कोणी फोनवर ‘सर, जरा खाली धरा’ म्हणलं तर मेल करा म्हणायचं. बहुतेक वेळा मेल येतच नाही.