23 मिलिमीटर: ऑपरेशननंतरचा रिपोर्ट वाचताना

धाकट्या जावेचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि बाराव्या दिवशी रिपोर्ट आला. मी 31 वर्षं हायस्कुलात गणित शिकवलं. उत्तराला एकक लिहिलं नाही की अर्धा मार्क कापणारी बाई मी. त्या रात्री मीच 23 मिलिमीटरचे 23 सेंटिमीटर धरले आणि पहाटेपर्यंत डोळे पुसत बसले. तुमची रात्र अशी जाऊ नये, म्हणून हे लिहितेय.

सगळ्यात आधी पेशंटला विचारा, आकडे ऐकायचेत का. जाऊ म्हणाली, "ताई, तुम्हीच वाचा. मला फक्त पुढं काय करायचं तेवढं सांगा." मग माझी वही मी तिच्यापुढे कधी उघडली नाही.

रिपोर्टात पहिल्यांदा गाठीचा आकार शोधा आणि शेजारचं एकक बघा. मग काखेतल्या गाठी, म्हणजे तिथल्या लसिका ग्रंथी. तिथं 2/14 असं काही असेल. याला संक्षेप देऊ नका! काढलेल्या 14 पैकी 2 गाठींत कॅन्सर सापडला, असा त्याचा अर्थ. वरचा आकडा आजार कुठवर गेलाय ते सांगतो, खालचा आकडा शोध किती नीट झाला ते. एकच पहारेकरी गाठ (आजार काखेत शिरला तर आधी जिथं पोचतो ती) तपासून 0/1 येणं वेगळं आणि काख पूर्ण साफ करून 0/14 येणं वेगळं. पहिल्यात काही चुकलंय असं मात्र नाही, पुष्कळदा तेवढंच पुरतं.

त्यानंतर ग्रेड. आमच्याकडे भेटायला येणारा प्रत्येक जण ग्रेड आणि स्टेज यांची भेळ करत होता. स्टेज म्हणजे आजार किती पसरलाय. ग्रेड म्हणजे पेशी निरोगी पेशींच्या मानानं किती बिघडल्यात. सूक्ष्मदर्शकाखाली तीन गोष्टींना 1 ते 3 गुण देतात आणि बेरीज करतात: 3 ते 5 आली तर ग्रेड 1, 6 किंवा 7 ला ग्रेड 2, 8 किंवा 9 ला ग्रेड 3. म्हणजे ग्रेड 3 लिहिलंय म्हणून तिसरी स्टेज झाली असं नव्हे.

एवढ्यावर हातानं करता येईल असं एक गणित आहे, इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या डॉक्टरांनी 1982 साली मांडलेलं. आकार सेंटिमीटरमध्ये घ्या, त्याला 0.2 नं गुणा. काखेत एकही बाधित गाठ नसेल तर 1 मिळवा, 1 ते 3 असतील तर 2, चार किंवा जास्त असतील तर 3. शेवटी ग्रेडचा आकडा मिळवा. उत्तर 3.4 पर्यंत आलं तर चांगलं, 5.4 पर्यंत मध्यम, त्यापुढे धोका जास्त. जावेचं: 2.3 गुणिले 0.2 म्हणजे 0.46, अधिक 2, अधिक ग्रेड 2. उत्तर 4.46. माझं रात्रीचं उत्तर होतं 8.6.

पण हे सूत्र जुनं. गाठ हार्मोनला दाद देते का, पेशी वाढवणारं हर-टू नावाचं प्रथिन तिच्यात जास्त आहे का, हे त्याला ठाऊकच नाही आणि औषधांचं सगळं गणित आज त्यावरच चालतं. म्हणून ईआर, पीआर (या दोन हार्मोनच्या खुणा) आणि हर-टू या ओळी स्वतंत्र वाचा. हर-टू 3+ म्हणजे पॉझिटिव्ह, 0 किंवा 1+ म्हणजे निगेटिव्ह. 2+ असेल तर निकाल लागलेलाच नाही, फिश नावाची पुढची तपासणी झाली का ते विचारा. इंग्लंडमध्येच तयार झालेलं 'प्रेडिक्ट' हे संगणकावरचं साधन वय, ईआर, हर-टू हे सगळं विचारतं आणि 5, 10, 15 वर्षांनी शंभरांतल्या किती जणी हयात असतील ते दाखवतं. ते आपण एकट्यानं रात्री अकराला उघडू नये, डॉक्टरांसमोर बसून उघडावं. ऑपरेशनआधी केमो झाली असेल तर सूत्रही लागू नाही आणि प्रेडिक्टही. तिथं केमोनंतर गाठ किती उरली, हे बघतात.

डॉक्टर टक्के सांगतील तेव्हा दोन प्रश्न विचारा: किती वर्षांनी आणि कशाचे? आजार परत न येता जगणं आणि नुसतं हयात असणं, हे दोन वेगळे आकडे असतात. टाटा मेमोरियलच्या पुढाकारानं 11 केंद्रांत झालेला प्रयोग 2023 मध्ये छापून आला. त्यात गाठ काढण्याआधी काही मिनिटं तिच्याभोवती बधिर करण्याचं साधं इंजेक्शन दिलं होतं. सहा वर्षांनी त्या बायकांपैकी आजाराविना 86.6 टक्के होत्या, हयात 90.1 टक्के. इंजेक्शन न दिलेल्यांत हेच आकडे 82.6 आणि 86.4. कुठला आकडा कानावर पडला हे न कळता घरी आलात, तर तुलना चुकणारच.

तसंच "धोका एक तृतीयांशानं कमी होतो" हे वाक्य. पाच वर्षं टॅमॉक्सिफेन ही हार्मोनला अडवणारी गोळी घेतल्यानं ईआर पॉझिटिव्ह बायकांत या कॅन्सरनं मरण्याचा धोका साधारण तेवढा उतरतो. पण मूळ धोका शंभरांत 30 असेल तर 20 होतो आणि 9 असेल तर 6. एकीकडे दहा जणी वाचल्या, दुसरीकडे तीन. म्हणून "कितीचा तृतीयांश?" असं स्पष्ट विचारा, डॉक्टर रागावत नाहीत.

पाच वर्षं गेली की सुटलो, असं सगळे म्हणतात. ट्रिपल निगेटिव्हमध्ये, म्हणजे ईआर, पीआर, हर-टू तिन्ही निगेटिव्ह असतील तिथं, आजार परतला तर बहुधा पहिल्या काही वर्षांतच परततो, त्यामुळे तिथं या म्हणण्यात तथ्य आहे. ईआर पॉझिटिव्हमध्ये मात्र तो दहा-पंधरा वर्षांनीही डोकं वर काढू शकतो. म्हणून जावेची गोळी रोज रात्री जेवणानंतर, आणि तिनं घेतली का ते विचारायचं काम पुतण्याकडे.

आणखी एक. हॉस्पिटलातून फाइल घेताना स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक कुठं आहेत, किती वर्षं ठेवतात, हे विचारून घ्या. केमो टाळता येईल का हे बघायला गाठीतल्या जनुकांची तपासणी सुचवली, तर ती त्या ब्लॉकवरच होते. आम्हाला ते उशिरा कळलं आणि ब्लॉकची पावती शोधण्यात दोन दिवस गेले. सापडली शेवटी, रेशन कार्डाच्या पिशवीत.