पहिल्या पगारातून पहिली एसआयपी

एसआयपी म्हणजे म्युच्युअल फंडात दर महिन्याला ठरावीक हप्ता गुंतवणे. त्यासाठी गुंतवणुकीचे अ‍ॅप मोबाइलवर घेऊन खाते उघडायला फारसा वेळ लागत नाही; मात्र त्याआधी निदान तीन महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम बँकेत वेगळी साठवावी. खोलीचे भाडे, मेस आणि प्रवास मिळून महिन्याला १८,००० रुपये लागत असतील, तर ५४,००० रुपये बचत खात्यात किंवा मुदत ठेवीत असू द्यावेत. ही शिल्लक नसेल आणि नोकरी सुटली किंवा घरात आजारपण निघाले, तर बाजार पडलेला असतानाच फंडातील पैसे काढण्याची वेळ येते.

केवायसीसाठी, म्हणजे ओळख पडताळणीसाठी, पॅन आणि आधार लागतात. आपल्याकडे एका कागदावर वडिलांचे नाव पूर्ण आणि दुसऱ्यावर नुसते आद्याक्षर असते, आणि अर्ज तेवढ्यावरून अडकू शकतो. त्यामुळे दोन्हींवरील नाव आधी जुळवून पाहावे.

सुरुवातीला निफ्टी ५० वर, म्हणजे पन्नास मोठ्या कंपन्यांच्या शेअर निर्देशांकावर, आधारित एखादा इंडेक्स फंड पुरेसा आहे, परंतु तो किमान पाच-सात वर्षे हात लावावा लागणार नाही अशा पैशांसाठीच. योजनेच्या नावाच्या शेवटी ‘डायरेक्ट – ग्रोथ’ हे शब्द आहेत ना, हे अवश्य वाचावे. ‘ग्रोथ’ म्हणजे नफा वाटला न जाता फंडातच राहतो. १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंडाला डायरेक्ट योजना द्यावी लागते, आणि तिच्यात वितरकाचे कमिशन कापले जात नाही. खर्चात एक टक्क्याचा फरक असेल, तर एक लाख रुपयांवर वर्षाला सुमारे हजार रुपये जातात, आणि रक्कम वाढेल तसा हा आकडाही वाढत जातो. चांगला सल्लागार त्या पैशांचे मोल देतोही; पण फंड आपणच निवडणार असू, तर कमिशन कशासाठी द्यायचे?

हप्ता आपोआप जावा म्हणून ऑटोपेला मंजुरी द्यावी लागते. हजाराच्या एसआयपीसाठी पडद्यावर १५,००० रुपयांची मर्यादा दिसली, तरी दचकू नये. ती कमाल मर्यादा असते, कापला जातो तो हप्ताच. तारीख मात्र पगारानंतर तीन-चार दिवसांची ठेवावी. मी हौसेने २८ तारीख निवडली होती, खात्यात दोनशे रुपये उरले होते, हप्ता परत गेला आणि बँकेने दंड आकारला तो वेगळाच.

त्याच अ‍ॅपमध्ये फ्युचर्स-ऑप्शन्सचे, म्हणजे शेअर्सच्या पुढील किमतींवरच्या जोखमीच्या सौद्यांचे, बटणही शेजारीच असते. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत त्यात उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले. हा विभाग सुरूच करू नये.

पहिला हप्ता गेल्यावर पॅनशी जोडलेले एकत्रित खातेपत्रक ईमेलवर येते. अ‍ॅपवरील युनिट्सचा, म्हणजे फंडातील आपल्या हिश्श्यांचा, आकडा त्याच्याशी ताडून पाहावा आणि नामनिर्देशनात कोणाचे नाव नोंदले गेले आहे, हेही तेव्हाच तपासावे.